रॅबिट स्नेल घरच्या फिशटँकमध्ये: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फिशटँक ठेवणाऱ्यांच्या गप्पांत रॅबिट स्नेलचा विषय निघाला की तेच ते प्रश्न फिरून येतात. त्यांची उत्तरं इथे एका जागी दिली आहेत. कुठूनही वाचायला सुरुवात करा, मात्र पाण्याबद्दलची उत्तरं वाचल्याशिवाय गोगलगाय घरी आणू नका.

रॅबिट स्नेल म्हणजे नेमकी कोणती गोगलगाय?

टायलोमेलानिया या प्रजातीतल्या गोगलगायींना बाजारात हे नाव आहे. शंख लांब, निमुळता आणि बहुधा खरबरीत. तोंड खाली लोंबणारं, सुरकुतलेलं, त्याच्या दोन्ही बाजूंना दोन स्पर्शिका. समोरून पाहिलं की ससा का म्हणतात ते कळतं. काही जण हिला एलिफंट स्नेलही म्हणतात. अंगाचा रंग नारिंगी, पिवळा, गडद काळा किंवा काळ्यावर पांढरे-पिवळे ठिपके असा असतो. आपल्याकडे येणाऱ्या बहुतेकींचा शंख 5 ते 8 सेंटीमीटरचा होतो. काही जातींचा 12 सेंटीमीटरपर्यंतही जातो.

या गोगलगायी मूळच्या फक्त इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावरच्या. स्वित्झर्लंडमधल्या बाझलचे पाउल आणि फ्रिट्झ सारासिन हे दोघे निसर्गअभ्यासक चुलतभाऊ 1893 ते 1896 या काळात सुलावेसी फिरले आणि 1897 मध्ये त्यांनी या प्रजातीला नाव दिलं. तरी शौकिनांच्या टाक्यांत त्या पोहोचायला शंभराहून जास्त वर्षं गेली. युरोपात त्या 2007 च्या आसपास दिसू लागल्या आणि मग आशियाभर पसरल्या.

सुलावेसीच्या ज्या तळ्यांत त्या राहतात, त्यांचं पाणी कसं असतं? ते माहीत असणं एवढं गरजेचं आहे का?

आहे. हिच्या बाबतीत होणाऱ्या निम्म्या चुका तिथूनच सुरू होतात.

सुलावेसीच्या मध्यभागी पोसो हे सरोवर आहे आणि त्याच्या आग्नेयेला मालिली नावाची सरोवरांची साखळी. मतानोचं पाणी महालोनात जातं, महालोनाचं तोवुतीत, आणि तोवुतीतून लारोना नदीवाटे समुद्रात. मतानो 590 मीटर खोल आहे. इंडोनेशियात याहून खोल सरोवर नाही. तोवुतीचा विस्तार 560 चौरस किलोमीटरच्या घरात. ही सरोवरं जमिनीच्या भेगांमुळे तयार झालेली, लाखो वर्षं जुनी. विषुववृत्ताच्या इतकी जवळ की उन्हाळा-हिवाळा हा भेद तिथल्या पाण्याला फारसा ठाऊक नाही. मालिलीच्या सरोवरांत वर्षभर साधारण 27 ते 30 अंश सेल्सिअस तापमान, पीएच 7.5 ते 8.5, आणि पाण्यात कुजणारा कचरा जवळपास नाहीच.

या एकसारखेपणात टायलोमेलानियाच्या डझनावारी जाती घडल्या. काही खडकांवर राहणाऱ्या, काही वाळूत-चिखलात. कोण कशावर चरतं त्याप्रमाणे त्यांच्या जिभेवरचे सूक्ष्म दातसुद्धा वेगवेगळे झाले. या सरोवरांतले खेकडे शंख फोडून खातात, म्हणून शंख जाड झाले. एवढ्या स्थिर जागी घडलेल्या प्राण्याला आपण दर आठवड्याला पाच अंशांनी हलणाऱ्या टाकीत ठेवलं, तर तो लगेच मरत नाही. खाणं कमी करतो, शंखात बसून राहतो आणि दोन-तीन महिन्यांनी जातो. मग मालक म्हणतो, ‘पाणी तर ठीक होतं.’ एखाद्या दिवशी मोजलेलं ठीक असेलही. रोज तेच होतं का, हा खरा प्रश्न.

मग घरी पाण्याचे आकडे काय असावेत?

तापमान 25 ते 28 अंश. पीएच 7.4 ते 8.2. जीएच (पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम) 6 च्या वर, केएच (आम्ल शोषून पीएच सांभाळणारे कार्बोनेट क्षार) 4 च्या वर. अमोनिया आणि नायट्राइट शून्य, नायट्रेट 20 पीपीएमच्या आत.

इथे एक शंका हमखास येते: सुलावेसीच्या सरोवरांचं पाणी तसं फार जड नाही, मग आपण जीएच-केएचचा आग्रह का धरायचा? कारण आपल्या टाकीत दर प्राण्यामागे पाणी कमी आणि घाण जास्त. माशांच्या विष्ठेतला अमोनिया फिल्टरमधले जिवाणू नायट्रेटपर्यंत नेतात तेव्हा आम्ल तयार होतं आणि ते पाण्यातला केएच खात राहतं. केएच संपला की पीएच एका आठवड्यात खाली येतो आणि शंख विरघळायला लागतो. सरोवराला हा धोका नाही. साठ-सत्तर लिटरच्या टाकीला आहे.

आमच्याकडे मुंबईचं नळाचं पाणी आहे. चालेल?

चालेल, पण काहीही न मिसळता नाही. सह्याद्रीतल्या धरणांचं पाणी मऊ असतं. पावसाचं पाणी काळ्या दगडावरून वाहत येतं, त्यात चुना फारसा उतरत नाही. मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक इथल्या बहुतेक नळांना हेच लागू. माशांना ते आवडतं, गोगलगायीला पुरत नाही.

उपाय सोपे आणि स्वस्त आहेत. आयुर्वेदिक दुकानात समुद्रफेस मिळतो, त्याचा एक तुकडा टाकीत टाका. आधी तरंगतो, दोन-तीन दिवसांत बुडतो. कोकणात आणि गोव्यात राहणाऱ्यांना तर बाजारातही जायला नको: कालवांची किंवा तिसऱ्यांची शिंपलं नुसत्या पाण्यात उकळून, आतलं मांस खरवडून, उन्हात वाळवून फिल्टरमध्ये ठेवा. मसाल्यात शिजलेली नकोत, हे सांगायची वेळ येऊ नये, पण येते. देशावर असाल तर शहाबादी फरशीचा न घासलेला, न पॉलिश केलेला तुकडा. शहाबादी म्हणजे चुनखडक. दगडाबद्दल शंका असेल तर त्यावर व्हिनेगरचे दोन थेंब टाका. बुडबुडे आले तर त्यात चुना आहे. आपला नेहमीचा काळा बेसॉल्ट फसफसत नाही, तो नुसता शोभेचा.

या सगळ्या वस्तूंचा गुण असा की पाणी आम्लाकडे झुकलं की त्या जास्त विरघळतात, अल्कधर्मी असलं की जवळपास थांबतात. मोजमापात थोडं चुकलं तरी बिघडत नाही. म्हणूनच खायचा चुना टाकू नका. पानाच्या डबीतला चुना आणि शिंपल्यातला चुना रासायनिकदृष्ट्या वेगळे. डबीतला चुना पीएच काही मिनिटांत दहाच्या पुढे नेऊ शकतो आणि सकाळी टाकीतले सगळे जीव मेलेले दिसतात. खायचा सोडा केएच वाढवतो, पण त्यात कॅल्शियम नाही, त्यामुळे शंखाला त्याचा उपयोग नाही.

दुकानदार प्रवाळाचा चुरा पुढे करील. काम तो नक्की करतो. पण दगडी प्रवाळांना वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 खाली संरक्षण आहे आणि तो चुरा कुठून आला हे दुकानदारालाही ठाऊक नसतं. शिंपलं असताना प्रवाळाच्या वाटेला जायचं कारण मला दिसत नाही.

आणि बोअरचं पाणी?

साबणाला फेस येत नाही, बादलीला पांढरी पुटं धरतात, ते पाणी रॅबिट स्नेलला बहुधा मानवतं. दोन गोष्टी पाहा. शेताजवळची बोअर असेल तर नायट्रेट तपासा, खतांमुळे तो वाढलेला असू शकतो. आणि जमिनीतून नुकतं वर आलेलं पाणी लगेच टाकीत ओतू नका. त्यात प्राणवायू कमी असतो. रात्रभर एअर पंप लावून ठेवा.

आरओचं पाणी एकट्याने कधीच वापरू नका. त्यात क्षार उरलेलेच नसतात. उन्हाळ्यात बाष्पीभवनाने कमी झालेलं पाणी भरून काढायला मात्र आरओच बरं, कारण क्षार वाफेबरोबर जात नाहीत. मागे राहतात आणि जड पाण्याची भर घालत गेलं की साठत जातात.

क्लोरीन?

नळाच्या पाण्याला सोडियम थायोसल्फेट, म्हणजे दुकानात मिळणारे अँटिक्लोरीनचे थेंब किंवा खडे, बाटलीवरच्या प्रमाणात. एक दिवस पाणी उघडं ठेवलं की क्लोरीन उडतो, पण क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग) असेल तर उडत नाही.

टाकी केवढी लागते?

तीन-चार गोगलगायींना 60-70 लिटर, म्हणजे साधारण दोन फुटांची टाकी. उंचीपेक्षा तळ महत्त्वाचा. गोल बरणी, बाउल, टेबलावरची इवलीशी नॅनो टाकी यांचा विचार सोडून द्या. तेवढ्या पाण्यात काहीच स्थिर राहत नाही.

टाकी पिकलेली हवी. नवी टाकी लावून चार-सहा आठवडे झालेले असावेत आणि काचेवर-दगडावर जिवाणू-शेवाळाचा बुळबुळीत थर जमलेला असावा. हिचं अर्धं चरणं त्या थरावर असतं. काचा घासून लख्ख ठेवणाऱ्यांनी निदान मागची काच तरी सोडावी.

तळाला खडी चालेल की वाळूच हवी?

बारीक वाळू, 3 ते 5 सेंटीमीटर. या गोगलगायी वाळूत अर्ध्या रुततात, कधी पूर्ण पुरून घेतात आणि आतले अन्नकण वेचतात. धारदार खडीवर तोंड आणि पाय सोलतात. नदीची वाळू चाळून, पाणी गढूळ येईनासं होईपर्यंत धुवा. समुद्राची वाळू आणायचा मोह टाळा, मीठ निघता निघत नाही. त्यात दोन-तीन गुळगुळीत दगड आणि लाकडाचा एखादा तुकडा पुरे.

माझी झाडांची टाकी आहे: ॲक्वासॉइल, सीओटू, सगळं. त्यात सोडू?

नको. ॲक्वासॉइल, म्हणजे झाडांसाठीची विकतची माती, मुद्दाम पीएच 6.5 च्या आसपास ओढून ठेवते, सीओटू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, आणखी खाली नेतो. झाडं बहरतील आणि शंखाला खड्डे पडतील. शिवाय हे अवजड शंख गालिच्यासारखी लावलेली बारीक झाडं उपटत फिरतात. वाळू, दगडाला बांधलेली अनुबियास, तरंगती झाडं, एवढ्यावर भागवायला तयार असाल तर जमेल.

जावा फर्नची पानं मात्र ही आवडीने कुरतडते. पोट भरलेलं असलं तरी. अनुबियासला सहसा हात लावत नाही.

शेवाळ साफ करते का?

थोडं. काचेवरचं मऊ हिरवं, कुजलेली पानं, तळाशी पडलेलं उरलेलं खाणं. काळं केसाळ शेवाळ किंवा हिरव्या ठिपक्यांचा कडक थर हिच्याच्याने निघत नाही. शेवाळ घालवायचंच असेल तर नेराइट जातीच्या गोगलगायी आणा. सफाई कामगार म्हणून रॅबिट स्नेल आणलीत तर ती उपाशी राहील आणि टाकीही तशीच राहील.

मग खायला काय द्यायचं?

हिची भूक मोठी आहे, हे पहिल्या महिन्यात लक्षात येतं. भाज्यांत आपल्याकडे काही कमी नाही. दुधी, दोडका, काकडी, पडवळ, गाजर, लाल भोपळा. बोटभर जाडीची चकती उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटं ठेवा, गार करा, काट्याला टोचून तळाशी ठेवा. दोडक्याच्या शिरा काढून टाका. संध्याकाळी ठेवली तर सकाळपर्यंत मधला गर फस्त होऊन नुसती कड उरलेली दिसते. जे उरेल ते बारा तासांनी काढून टाका, नाहीतर तेच पाणी बिघडवतं.

पालेभाज्यांत शेवग्याचा पाला उत्तम, त्यात कॅल्शियम भरपूर. तुतीचं पानही आवडतं. पालक अधूनमधून ठीक, पण त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम धरून ठेवतं, म्हणून रोज नको. देशी बदामाची वाळलेली लाल पानं टाकीत पडून राहू द्या, आठवडाभराने मऊ झाली की चरतात. बाजारातली भाजी असेल तर मिठाच्या पाण्यात धुऊन, साल काढून. गोगलगाईंना मारण्यासाठीच बनवलेली औषधंही शेतात वापरली जातात, हे विसरू नका.

भाजी एवढंच देऊनही भागत नाही. आठवड्यातून दोनदा स्पिरुलिनाच्या बुडणाऱ्या गोळ्या, एकदा कोळंबी किंवा माशांचं प्रथिनवालं खाद्य थोडंसं. खाणं दिवे मालवल्यावर टाका. दिवसा टाकलं तर मासे आधी पळवतात, आणि ही तिथे पोहोचेपर्यंत ताट रिकामं.

शंखाचं टोक झिजलंय, पांढरं पडलंय. आजारी आहे?

टोक झिजलेलं असणं नेहमीचंच आहे. जंगलातून आलेल्या मोठ्या गोगलगायींची टोकं मोडलेलीच असतात. ते टोक तिच्या आयुष्यातला सर्वांत जुना भाग. काळजीची खूण वेगळी: मधल्या वेटोळ्यांवर पांढरे खड्डे, आणि तोंडाजवळची नवी वाढ पातळ, फिकट, काठ तुटके. याचा अर्थ पाणी आम्ल आहे किंवा कॅल्शियम कमी पडतंय. पीएच आणि केएच मोजा, शिंपलं वाढवा. झिजलेला भाग परत भरून येत नाही. शंख फक्त तोंडाच्या काठाशी वाढतो. त्यामुळे दोन महिन्यांनी काठाकडे बघा. तिथे गडद, गुळगुळीत पट्टा दिसला की पाणी सुधारलं.

घरी आणून दोन दिवस झाले, हललीच नाही. मेली का?

बहुधा नाही. प्रवासाने, पाणी बदलल्याने या गोगलगायी शंखात जातात आणि तोंडाशी असलेलं झाकण ओढून घेतात. एक-दोन दिवस, कधी तीन दिवसही. हात लावून, उलटी करून, दर तासाला जागा बदलून बघत राहिलात तर ती आणखी उशिरा बाहेर येईल.

मेलेली ओळखायची खूण म्हणजे वास. पाण्याबाहेर काढून नाकाजवळ न्या. मेलेली असेल तर संशय उरत नाही. शरीर शंखाबाहेर लोंबत असेल आणि स्पर्श केल्यावर आखडत नसेल, तरी तेच. अशी लगेच काढून टाका, एवढ्या मोठ्या शरीराने छोट्या टाकीत अमोनिया झपाट्याने चढतो.

नवी आणलेली सोडताना घाई नको. पिशवीतलं पाणी एका भांड्यात घ्या आणि एअर पंपच्या बारीक नळीने टाकीतलं पाणी थेंब थेंब पडू द्या, दीड-दोन तास. मग गोगलगाय उचलून टाकीत, दुकानाचं पाणी मोरीत. वाळूवर ठेवताना तोंडाची बाजू खाली असू द्या. लांब जड शंखामुळे उताणी पडलेली गोगलगाय सुलटी होताना थकते.

पिल्लं होतील? आमच्या गावात शंखी गोगलगायींनी सोयाबीन खाल्लं होतं, म्हणून भीती वाटते.

भीती समजण्यासारखी आहे. 2022 च्या खरिपात लातूर, बीड, उस्मानाबाद भागात शंखी गोगलगायींनी कोवळी सोयाबीन फस्त केली आणि लोकांना दुबार पेरणी करावी लागली. पण ती जमिनीवरची आफ्रिकी गोगलगाय. एका वेळी शेकडो अंडी घालणारी, आणि एकाच शरीरात नर-मादी दोन्ही.

रॅबिट स्नेल याच्या अगदी उलट टोकाची. नर वेगळा, मादी वेगळी, आणि बाहेरून पाहून दोघांत फरक करता येत नाही. अंडी ही टाकीत घालत नाही. मादीच्या अंगातल्या पिशवीत एकेक अंडं वाढतं, त्याला ती पांढऱ्या पोषक द्रवाचा साठा देते. मग चार-सहा आठवड्यांतून एकदा ती एक पांढरी मऊ कोशिका बाहेर टाकते आणि त्यातून पूर्ण तयार पिल्लू निघतं: शंख, स्पर्शिका, सगळं आईसारखं. जातीप्रमाणे पिल्लू तीन मिलिमीटरपासून दीड सेंटीमीटरपेक्षा मोठंही असू शकतं. बहुतेक वेळा एकच, क्वचित दोन. कोशिका काही तासांत विरघळते. सकाळी वाळूवर पांढरा फुगा दिसला तर बुरशी समजून उपसून फेकू नका.

पिल्लं हवी असतील तर पाच-सहा आणा, म्हणजे दोन्ही असण्याची शक्यता बरी. आणल्यावर पहिल्याच आठवड्यात पिल्लू पडलं तर ते दुकानाआधीच्या मुक्कामातलं. प्रवासाच्या ताणाने कधी अर्धवट वाढलेलंही पडतं आणि ते जगत नाही. पिल्लांना वेगळं काही लागत नाही, फक्त फिल्टरच्या तोंडाला स्पंज लावा. वाढ सावकाश. वर्षभराने तरी आईबापांच्या जवळ पोहोचतात.

टाकीच्या वाळूत अचानक शेकडो बारीक, टोकदार शंख दिसायला लागले तर ती रॅबिटची पिल्लं नव्हेत. झाडांबरोबर आलेल्या मलेशियन ट्रम्पेट स्नेल आहेत. त्या आपल्या नद्या-तळ्यांतही सर्रास सापडतात आणि त्यांना पिल्लं द्यायला नराची गरजसुद्धा पडत नाही.

सोबत कुठले मासे?

लहान, शांत, आणि थोडं जड पाणी चालणारे. गप्पी, मॉली, प्लॅटी, एंडलर. चेरी श्रिंप उत्तम. खर्च झेपत असेल तर त्याच सुलावेसीच्या सरोवरांतल्या रंगीत कोळंब्या, त्यांनाही असंच उबदार, अल्कधर्मी पाणी लागतं.

लोच नको, त्यांतले बरेच गोगलगायी खातात. पफर नको. असॅसिन स्नेल नको, पिल्लं उरणार नाहीत. गोल्डफिश थंड पाण्याचा, शिवाय स्पर्शिका चोखत बसतो. खेकडे तर नकोतच.

माझ्याकडे फ्लॉवरहॉर्न आहे. त्याच्या टाकीत?

नाही. आणि यामागे एक वाईट गोष्ट आहे. फ्लॉवरहॉर्न हा माणसाने संकर करून तयार केलेला मासा, 1990 च्या दशकात मलेशियात निघाला आणि भारतातही त्याचं वेड पसरलं. कुणीतरी तो मतानो सरोवरात सोडला. तिथे तो फोफावला आणि जगात दुसरीकडे कुठेच नसलेल्या मासे, कोळंब्या, गोगलगायींवर चरू लागला. सरोवराकाठी सोरोवाकोला निकेलची मोठी खाण आहे, जंगल तुटून गाळ पाण्यात येतो, त्यात ही भर. रॅबिट स्नेलचं माहेर असं दोन्हीकडून आवळलं जातंय. म्हणून विकत घेताना घरी वाढवलेली पिल्लं मिळत असतील तर तीच घ्या. जंगलातून पकडलेल्या मोठ्या, दिमाखदार शंखापेक्षा दोन सेंटीमीटरचं घरचं पिल्लू कधीही सरस, ते आपल्या पाण्याला सरावतंही लवकर.

दुकानात निवडताना काय बघू?

चालणारी किंवा काचेला चिकटलेली घ्या. हातात उचलल्यावर झाकण चटकन बंद व्हायला हवं. शंख हलका, पोकळ वाटला तर ठेवून द्या. टाकीत निळं-हिरवं औषध घातलेलं दिसलं तर त्या दुकानातून गोगलगायच घेऊ नका.

औषधांबद्दल सगळे एवढे का घाबरवतात?

कारण तांबं. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांवर आणि परजीवींवर मिळणाऱ्या अनेक औषधांत तांबं असतं. घरगुती इलाज म्हणून काही जण मोरचूद टाकतात, तेही तांब्याचंच. माशाला सोसणारी मात्रा गोगलगायीला मारते. आजारी मासा वेगळ्या टबात काढून औषध द्या. ज्या टाकीत पूर्वी तांब्याचं औषध वापरलंय तिथली वाळू आणि फिल्टरचा स्पंज बदलल्याशिवाय गोगलगाय सोडू नका.

घरातल्या तांब्याकडेही लक्ष असू द्या. तांब्याच्या हंड्यात रात्रभर ठेवलेलं पाणी तुम्ही प्या, टाकीत नको. गिझरचं गरम पाणीही मिसळू नका. कुत्र्याच्या जंतांसाठीचं फेनबेंडाझोल काही जण प्लॅनेरिया (टाकीत होणारे बारीक चपटे कृमी) मारायला वापरतात, त्यानेही रॅबिट स्नेल जातात.

उन्हाळ्यात आमच्याकडे नागपूरला पारा 45 वर जातो.

खोलीचं तापमान 45 नसलं तरी पाणी 33-34 वर सहज जातं. 30 पर्यंत त्रास नाही, 32 च्या पुढे गोगलगायी सुस्त होतात. त्या कल्ल्याने श्वास घेतात. आपल्या तळ्यांतल्या पिला गोगलगायीसारखं फुप्फुस त्यांना नसतं, त्यामुळे वर येऊन हवा घेता येत नाही, आणि गरम पाण्यात प्राणवायू कमीच मुरतो. काचेचं झाकण काढून जाळी लावा, पाण्याच्या पृष्ठभागावर आडवा पंखा सोडा. एवढ्याने तापमान दोन-तीन अंश उतरतं. एअर पंप दिवसरात्र. दिवे संध्याकाळी. बर्फाच्या बाटल्या टाकून तासाभरात पाच अंश खाली आणू नका, तो धक्का उन्हापेक्षा वाईट. लोडशेडिंग असेल तर बॅटरीवर चालणारा एअर पंप आधी घ्या, शोभेच्या वस्तू नंतर.

थंडीत नाशिक-पुण्याकडे 50 ते 100 वॉटचा हीटर लावा. 22 च्या खाली ती खाणं सोडते.

किती जगते?

नीट ठेवली तर दोन-तीन वर्षं, कधी जास्त. जंगलातून आलेली मोठी गोगलगाय आधीच म्हातारी असू शकते, त्यामुळे सहा महिन्यांत गेली तर दोष दरवेळी तुमचाच असतो असं नाही.

कंटाळा आला तर विहिरीत किंवा तळ्यात सोडली तर?

मतानोचं वर वाचलंत ना. कुणाला तरी देऊन टाका, दुकानात परत करा. टाकीतलं पाणी आणि वाळूही ओढ्यात ओतू नका.

गणपतीला आठ-दहा दिवस गावी जातोय. कुणाला सांगून जाऊ?

पिकलेल्या टाकीत मोठ्या गोगलगायी आठवडाभर नुसत्या थरावर आणि बदामाच्या पानांवर निभावतात. निघायच्या आदल्या दिवशी पाणी 20 टक्के बदला, चार-पाच वाळलेली पानं टाका, दिव्याला टायमर लावा. पाण्याची पातळी काठोकाठ ठेवा, हीटर उघडा पडता कामा नये. शेजाऱ्यांना किल्ली द्या ती पंप चालू आहे का आणि सगळे जिवंत आहेत का एवढं बघायला. खाण्याचा डबा मात्र कपाटात ठेवून जा. शेजारी प्रेमाने मूठभर घालतात.